अर्जदार आप्पा, हरकतदार आप्पा

सोलापुरात मी भाड्यानं खोली घेतली तेव्हा घरमालकांनी डिपॉझिटचं बोलायच्या आधी एक अट घातली. पंखा दोनच्या पुढं न्यायचा नाही. महिना एप्रिलचा. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी अंगावर काढलाय त्यांना ही अट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मला वाटलं, विजेच्या बिलाची काळजी असेल. म्हटलं, "बिल मीच भरणार आहे की."

त्यांनी वर बोट दाखवलं. माळ्यावर, बरोबर माझ्या खाटेच्या डोक्यावर, लाकडं ओळीनं आडवी ठेवली होती. काही सालीसकट, काही सोललेली. सगळ्यांच्या टोकांना शेण आणि चुना फासलेला आणि प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीनं बांधलेली खरेदीची पावती.

"वारं लई लागलं की तडकत्यात," ते म्हणाले. "लाकूड आपल्या आपण वाळाय पायजे. घाई केली की बोंबललं."

"आणि मी?"

"तुमी काय तडकताय व्हय?"

मी नाही तडकलो. पुढची काही वर्षं त्या लाकडांखाली घामाघूम होऊन झोपलो, आणि दर उन्हाळ्यात खोली सोडायची ठरवून दर पावसाळ्यात तिथंच राहिलो. आता मी तिथं नाही, माझ्या घरी एसी आहे, आणि तरीही कुणी सोलापूरचं नाव काढलं की मला आधी आप्पाच आठवतात.

आप्पा म्हणजे हे घरमालक. सगळी भवानी पेठ त्यांना आप्पाच म्हणायची. त्यांच्या पत्नीला अक्का. मुलं पोटापाण्याला परगावी, खाली या दोघांच्या दोन खोल्या, वर माझी एक, आणि मागं लहानसं अंगण. आप्पा मूळचे सांगोल्याकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, त्यातले हे एकटे शिकले आणि वनखात्यात चिकटले. सगळी नोकरी तपासणी नाक्यावर गेली. लाकडाचा ट्रक आला की दांडा खाली, पास बघायचा, शिक्का बघायचा, माल मोजायचा, दांडा वर. निवृत्तीनंतर दांडा सुटला, पण नजर काही सुटली नाही. नव्या पेठेत अक्कांबरोबर लुगडं घ्यायला गेले तरी दुकानाच्या फळीवर टिचकी मारायचे, कान लावायचे आणि दुकानदाराला विचारायचे, "हे कुटनं आणलं? पास हुता का?" दुकानदार बिचारा साड्या दाखवायचं सोडून फर्निचरवाल्याचं बिल शोधत बसायचा.

"ह्यांची खोडच हाय ती," अक्का म्हणायच्या. "मला बघाय आले तवा पयला सवाल काय केला म्हायताय का? स्वैपाक येतो का, न्हाई. गाणं येतं का, न्हाई. म्हनले, जन्माचा दाखला हाय का!"

"मग? असाय नको?" आप्पा खरोखरच्या आश्चर्यानं विचारायचे.

या माणसाला धनुष्य करायचं होतं. हौस म्हणून सांगतोय असं समजू नका. काहींना काशीला जायचं असतं, काहींना मुलीचं लग्न पार पाडायचं असतं, तसं आप्पांना मरायच्या आत एक धनुष्य करायचं होतं. शोभेचं नाही, चांगलं ओढून बाण मारता येईल असं. त्यांच्या पुस्तकी अभ्यासात काही कमी नव्हती. कुठलं लाकूड वाकून परत जागेवर येतं, कुठलं वाकलेलंच राहतं, सालीखालचं पांढरं किती काढायचं आणि आतलं पक्कं किती ठेवायचं, हे ते तासन्‌तास सांगायचे. ऐकणारा बहुतेक वेळा मी, कारण भाडेकरू पळून जाऊन जाणार कुठं. आणि एवढं असूनही माळ्यावर एकही धनुष्य नव्हतं. चांगलं लाकूड मिळालं की त्याचा कागद नसायचा, आणि वखारीतून पावतीसकट आणलेलं लाकूड पहिल्या ओढीलाच काड्‌कन मोडायचं. तो आवाज अख्ख्या गल्लीत जायचा. शेजारचे तेलुगू यंत्रमागवाले काका भिंतीवरून विचारायचे, "आप्पा, गेलं का?" आणि अक्का येऊन तुकडे गोळा करून न्हाणीच्या बंबात घालायच्या. तेवढंच सगळ्यांचं पाणी तापायचं.

मी एकदा म्हटलं, बांबूचं करा की. सोपं असतं म्हणतात.

"बांबू गवत हाय," आप्पा म्हणाले. "आता कायद्यातबी त्ये झाड राह्यलं न्हाई. परवानगीच लागत न्हाई त्याला. मग त्यात काय मजा?"

आप्पांच्या लेखी परवानगी ही लाकडातल्या रेषांसारखी होती. नसली तर ते लाकूडच खोटं. एका वैशाखात जोराचं वादळ होऊन रस्त्यावर चिंचेची भली मोठी फांदी पडली. लोकांनी कोयते आणून जळण लांबवायला सुरुवात केली. आप्पांनी त्यातला उत्तम सरळ सोट बाजूला ओढला, त्यावर बसून राहिले, मग रिक्षा थांबवली, फांदी रिक्षात आडवी घातली, दोन्हीकडून हातभर बाहेर, आणि घेऊन गेले कुठं, तर महापालिकेच्या दारात. रखवालदार म्हणाला, "काका, ही हितं कशाला?" आप्पा म्हणाले, "तुमचीच हाय. रस्त्यावरचं झाड तुमचं." रखवालदारानं हसून सांगितलं, न्या घरी, कोण विचारतंय. "तसं लेखी द्या," आप्पा म्हणाले. रखवालदार लेखी काय देणार! फांदी तिथंच राहिली. पुढं कित्येक महिने तिथला चहावाला गिऱ्हाइकांना तिच्यावर बसवत होता, आणि आप्पा त्या वाटेनं गेले की ती तडकली का ते वाकून बघायचे.

याहून कठीण प्रसंग गल्लीतले एक म्हातारे वारले तेव्हा आला. आम्ही सगळे स्मशानात. लाकडं रचून झाली होती, मुलगा मडकं खांद्यावर घेऊन उभा, आणि आप्पा चितेजवळ वाकून एका ओंडक्यावर टिचकी मारतायत. मी दंड धरून बाजूला घेतलं तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बोरीचं हाय. गाठ न्हाई, पीळ न्हाई. आन् चाललं." मुलाच्या कानावर ते गेलं. मुलगा भला होता. तो म्हणाला, आप्पा, पाहिजे तर घ्या काढून, बाबांना तुम्ही आवडायचा. दुसरं कुणी असतं तर एक तर लाजलं असतं, नाही तर घेतलं असतं. आप्पांनी विचार केला आणि मान हलवली. "न्हाई बाबा. चितंवरचं लाकूड मयताचं. त्यांची सही आता कोण आणणार?" त्या प्रसंगीही दोन-चार जण हसू दाबायला पलीकडं तोंड करून उभे राहिले, त्यात मी होतो.

धनुष्याचं हे सगळं आलं कुठून ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, अंगणात शेंगा फोडत बसलो असताना. नोकरीत असताना त्यांनी एक टेम्पो अडवला होता. आत धामणीची लाकडं, सुतासारखी सरळ. पास नव्हता. बरोबरचा म्हातारा म्हणाला, साहेब, धनुष्यांसाठी आहेत, रानोमाळ हिंडून एकेक निवडलंय. आप्पांनी माल जप्त केला. प्रकरण लांबत गेलं, लाकूड नाक्यामागं पडून राहिलं, पावसात भिजलं, मग वाळवी लागली. कामावर येता-जाता आप्पांना ते रोज दिसायचं.

"तुमचं चुकलं असं वाटतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"न्हाई. कायदा बरोबर हुता." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "लाकूडबी बरोबर हुतं. म्हनून म्हटलं, एक धनुष्य असं करायचं की लाकूडबी बरोबर आन् कागदबी बरोबर. एकच. जास्ती नको."

मी त्या दिवसापासून पंख्याबद्दल कुरकुर करायची सोडली. निदान मोठ्यानं करायची सोडली.

आणि गंमत अशी की हव्या त्या जातीचं लाकूड त्यांच्या अंगणात उभं होतं. तुतीचं जुनं झाड. बुंध्यातूनच दोन खोडं फुटलेली. एक सरळ, गल्लीकडं गेलेलं. दुसरं वाकडं, शेजारच्या काकांच्या भिंतीवर रेललेलं. तुतीचं लाकूड धनुष्याला फार चांगलं, हे आप्पाच मला सांगायचे आणि सांगताना त्या झाडाकडं बघायचेही नाहीत, इतकं ते घरचं झालेलं. अक्कांना मात्र ते डोळ्यांसमोर नको होतं. वाळत घातलेल्या पातळांवर जांभळे डाग, सांडग्यांवर जांभळे डाग. शेजारच्या काकांची तर मोरीच मुळांनी तुंबली होती.

"ह्याचं धनुष्य का करत न्हाई एकदाचं?" एका सकाळी डाग पडलेलं पातळ झटकत अक्का कडाडल्या. आप्पा चहाचा कप तसाच धरून झाडाकडं बघत राहिले. इतकी वर्षं जगाचं लाकूड हुंगत फिरले आणि दारातलं दिसलं नाही. चहा निवला तरी त्यांनी तो प्यायला नाही.

घरचं झाड म्हणून दुसऱ्यानं सरळ कुऱ्हाड घातली असती. आप्पांनी उद्यान खात्यात रीतसर अर्ज केला. शहरात झाड तोडायचं तर परवानगी लागते, त्याआधी झाडावर नोटीस लागते, कुणाला हरकत असली तर घेता यावी म्हणून. त्याप्रमाणे माणूस येऊन आमच्या तुतीला नोटीस लावून गेला. आप्पांनी ती पुसून-बिसून नीट केली, पोरांनी फाडू नये म्हणून वरून प्लॅस्टिक लावलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. कोण हरकत घ्यायला येतं ते बघायला.

कोणीच येईना. येईल कशाला? झाड जावं असंच सगळ्यांना वाटत होतं. दोन दिवस आप्पा खूश होते. तिसऱ्या दिवशी ते खुर्चीतून उठून गल्लीच्या टोकापर्यंत बघून यायला लागले. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शेजारच्या काकांचं दार वाजवलं.

"तुमची कायच हरकत न्हाई?"

"अय्यो, आमची कसली हरकत! उद्याच तोडा. कुऱ्हाड आम्ही देतो."

"थोडीशीबी न्हाई? सावली येती की तुमच्या भिंतीवर."

"आप्पा, तुम्हाला झाड पायजे का नको?" काकांनी काळजीनं विचारलं आणि आत जाऊन बायकोला तेलुगूत काहीतरी सांगितलं. ती खिडकीतून आप्पांकडं बघून गेली.

आप्पा गल्लीभर फिरले. प्रत्येक दारात उभं राहून हरकत मागितली. मग जिना चढून माझ्याकडं आले. "तुमी तरी घ्या. भाडेकरूला अधिकार असतोय. तुमच्या खिडकीवर सावली पडती."

"आप्पा," मी म्हटलं, "मी पंखा दोनवर ठेवतो. याहून जास्त मला जमणार नाही."

ते माझ्या खाटेवर बसले. "मी जल्मभर मेलेलीच झाडं बघितली," ते म्हणाले. "ट्रकात आडवी पडलेली. कागद बरोबर असला की दांडा वर. त्येच्या आधी तितं, उभं असताना, त्येच्या बाजूनं कोण बोललं का न्हाई, मला कदी कळायचंच न्हाई. म्हटलं, एवढं तरी हुईल, आपल्या झाडाला नोटीस लागली तर कोणतरी बोलंल." उठले, आणि दारातून म्हणाले, "कोणच न्हाई म्हटल्यावर आता मलाच घ्याय पायजे."

मला वाटलं, बोलण्याच्या भरात बोलले. दुसऱ्या दिवशी मुदतीत जाऊन त्यांनी स्वतःच्या अर्जावर स्वतःच हरकत नोंदवली. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या दिवशी घरात भाकरी झाल्या नाहीत. मी हॉटेलातून तिघांना इडल्या आणल्या.

सुनावणीला मी अर्धी रजा टाकून गेलो. मी तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिसला होतो. साहेबांना कारण सांगितलं, घरमालकांचा खटला आहे. कुणाविरुद्ध, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. साहेबांनी मला पूर्ण रजा दिली.

अधिकारी म्हणून एक तरुण मॅडम होत्या. टेबलासमोर दोन खुर्च्या. "अर्जदार आलेत का?"

"आलोय," आप्पा म्हणाले.

"हरकतदार?"

"आलोय."

मॅडमनी कागद खाली-वर केले. "नावात काही चूक झालीय का?"

"न्हाई न्हाई. बरोबर हाय. दोनीबी मीच."

"मग काका, हरकत मागं घ्या ना. विषयच संपला."

"तसं कसं? झाडाच्या बाजूनं दुसरं कोण न्हाई."

"मग अर्ज मागं घ्या."

"लाकूड पायजे की."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. तिथला पंखा पाचवर होता, मी तोच सुखानं बघत राहिलो.

मॅडमचा स्वभाव चांगला असावा, किंवा त्या दिवशी दुसरं काम नसावं. म्हणाल्या, बरं, आधी अर्जदारानं बोलावं. आप्पांनी उठून सांगितलं. मुळांनी मोरी तुंबते. धुण्यावर डाग पडतात. तुती बुडातून पुन्हा फुटते, म्हणजे झाड कायमचं जात नाही. बोलून झालं, त्यांनी नमस्कार केला, आणि खरोखर उठून दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. घसा खाकरला. आवाजसुद्धा जरा बदलला.

"हरकतदाराचं म्हननं असं हाय," आप्पा म्हणाले. "अर्जदारानं मोरीचं सांगितलं. मोरी साफ करता येती. आळस करतोय तो. झाडावर बुलबुल घर करतोय. दुपारच्याला भाजीवाली सावलीला हातगाडी लावती, ती कुटं जाईल? आन् अर्जदाराचा डोळा कशावर हाय, तर गल्लीकडच्या खोडावर. सरळ सोट. गाठ न्हाई, कीड न्हाई, पीळ न्हाई. साल बगा कशी गच्च हाय. असलं निरोगी खोड अख्ख्या पेठंत न्हाई. तोडायचंच असलं तर त्ये भिंतीवरचं वाकडं तोडा, त्ये उद्या पडंल कुणाच्या डोक्यात."

मी मागून त्यांचा शर्ट ओढला. कशाचं वाटोळं चाललंय ते मला दिसत होतं. त्यांनी रागानं वळून बघितलं. "तुमी मधी पडू नका. तुमी कुणाच्या बाजूनं आलाय?"

मॅडम लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या. "काका, पण या लाकडाचं करणार काय तुम्ही?"

आप्पा गडबडले. आपण आता कुठल्या खुर्चीत आहोत ते त्यांनी बघितलं, उठून अर्जदाराच्या खुर्चीत आले आणि मग उत्तर दिलं. "धनुष्य."

"कशासाठी?"

"लोकांचं लाकूड जल्मभर अडवलं, बाई. एकदा आपलं लाकूड सरळ मार्गानं आणायचं आन् त्याचं काईतरी चांगलं करायचं. हात आता कापाय लागल्यात. लई दिवस न्हाईत माझ्याकडं."

हात कापायला लागले होते हे मला त्या दिवशी कळलं. एका घरात राहून मला ते दिसलं नव्हतं.

पुढं मॅडम स्वतः येऊन झाड बघून गेल्या आणि निकाल आला. धोकादायक असलेलं वाकडं खोड तोडायला परवानगी. सरळ, निरोगी खोड राखायचं. शिवाय दुसरी झाडं लावायची, ती जगवायची. हरकतदारानं अर्जदाराची पार वाट लावली होती. धनुष्याला लाकूड सरळ लागतं, आणि जे जन्मात पुन्हा मिळणार नव्हतं, ते आप्पांनी आपल्याच तोंडानं वाचवलं होतं.

संध्याकाळी ते पेढे घेऊन आले. अक्कांना दिला, मला दिला, काकांना भिंतीवरून दिला. स्वतः अर्धाच खाल्ला आणि उरलेला अर्धा पुडक्यात ठेवून दिला.

"का वो? अर्धा कशापायी?" अक्कांनी विचारलं.

"निम्माच जिंकलोय," आप्पा म्हणाले.

वाकडं खोड तोडायला त्यांनी पुन्हा उशीर केला, कारण त्यावर बुलबुलाची पिल्लं होती. "आता पाखराचीबी सही घ्या," अक्का म्हणाल्या. पिल्लं उडाली तेव्हा कुठं करवत लागली. आत लाकूड हळदीसारखं पिवळं निघालं. आप्पांनी पाचर मारून खोड चिरलं, रेषेवर रेष सांभाळून, आणि त्यातल्या त्यात बरा तुकडा माझ्या डोक्यावरच्या माळ्यावर गेला. त्याच्या गळ्यात निकालाची प्रत. दोन उन्हाळे तो तिथं वाळला. त्या दोन उन्हाळ्यांत मी पंखा एकवर ठेवला, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग काम सुरू झालं. वाकडं लाकूड सरळ करायला वाफ लागते. आप्पांनी अक्कांचं इडल्यांचं मोठं पातेलं मागितलं. अक्कांनी दिलं नाही. आप्पांनी ते उचलून नेलं नाही, कारण परवानगी नव्हती. ते रोज मागायचे, अक्का रोज नाही म्हणायच्या. शेवटी एका सकाळी अक्कांनी स्वतःच पातेलं चुलीवर आदळलं आणि म्हणाल्या, "घ्या. पर लाकूड मी धरनार. तुमचे हात भाजतील." त्या दिवसापासून एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला अक्का. आप्पा काचेच्या तुकड्यानं तासायचे, हात थरथरले की थांबायचे, थरथर थांबली की पुन्हा तासायचे. मी मदत करू का म्हटलं तर नको म्हणाले. फक्त दोरीसाठी कारखान्यातून सुताचा एक कोन, म्हणजे शंकूसारखं मोठं रीळ, आणायला सांगितला. मी आणला तर दारातच अडवलं. "गेटपास?" मला परत जाऊन गेटपास करून आणावा लागला.

धनुष्य झालं. मधोमध थोडं वाकडंच राहिलं, पण झालं. एमआयडीसीच्या पलीकडं ओळखीच्या एका शेतकऱ्याचं पडीक माळरान होतं. त्याला आधी विचारून ठेवलेलं. मी गाडीवरून गेलो, ते दोघं रिक्षानं. धनुष्य चादरीत गुंडाळून अक्कांच्या मांडीवर. बाण एकच. तो बांबूचा होता. "बाणाला गवत चालतंय," आप्पा म्हणाले.

त्यांनी दोरी चढवली, बाण लावला आणि ओढलं. धनुष्य जरासं हललं. पुन्हा ओढलं. हात कापायला लागला, कोपर खाली आलं, बाण घसरून पायाशी पडला. मोडेल या भीतीनं त्यांनी लाकूड जाड ठेवलं होतं आणि ते त्यांच्याच हाताला जड झालं होतं. तिसऱ्यांदा ओढताना दातावर दात रुतले, तरी दोरी छातीपर्यंत आली नाही. मला तिकडं बघवेना. इतक्या वर्षांच्या खटाटोपाचं असं व्हावं, याचं मला रडू आलं, आणि ते लपवायला मी रिक्षावाल्याशी भाड्याचं उगीच बोलत राहिलो.

"माझ्यापाशी आणा," अक्का म्हणाल्या.

"तुला जमनार न्हाई."

"जल्मभर हातमागावर बसून लेकरं वाढवली मी. आणा म्हनते."

आप्पांनी धनुष्य दिलं. कसं धरायचं ते सांगितलं आणि चार पावलं मागं सरून उभे राहिले. अक्कांनी पदर खोचला, बाण लावला, विहिरीतली घागर ओढावी तशी दोरी एका दमात कानापर्यंत ओढली आणि सोडली. बाण सूं करून गेला. वर गेला, लांब गेला, पलीकडच्या बाभळींच्या मागं कुठंतरी दिसेनासा झाला. रिक्षावाला "वा रे अक्का!" म्हणून ओरडला.

आप्पांनी बाणाकडं बघितलंच नव्हतं. ते धनुष्याकडं बघत होते. माझा दंड त्यांनी घट्ट धरला होता.

"बघितलं का?" ते म्हणाले. "दोनीकडनं सारखं वाकलं. वरचंबी, खालचंबी. सारखं." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "मी ओढलं असतं तर मला दिसलं नसतं हो हे."

अक्का अजून धनुष्य धरूनच उभ्या होत्या. चेहरा लाल झालेला, केस सुटलेले. इतकी वर्षं त्या घरात राहून मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"दुसरा बाण द्या," त्या म्हणाल्या.

"दुसरा न्हाई," आप्पा म्हणाले. "एकच केला हुता."

"एकच?" अक्कांनी नवऱ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता त्या धनुष्यानंच मारतील. मग त्यांनी पदर सोडला, धनुष्य काखेत मारलं आणि रिक्षाकडं चालायला लागल्या. "चला. उद्या बाणासाठी कुनाकडं अर्ज करायचा त्ये सांगा. मी येते तुमच्यासंगं."